ठोका भिंत ओलांडतो

माझ्या नवऱ्याला त्याच्या थोरल्या भावाने एकदा घरी येऊन दोन शिव्या द्याव्यात, एवढंच हवं होतं. त्यासाठी त्याने घरातल्या तीन खोल्या पाडून एक हॉल केला आणि धरमपेठेतून सबवूफर आणले. लोक समेटाला पेढे घेऊन जातात. आमच्या घरी सगळंच उफराटं.

संघपाल आणि मी कॉलेजात बरोबर होतो, म्हणून मी त्याला नावानेच हाक मारते. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही, पण त्यांनी मला त्यावरून कधी टोकलंही नाही. नारी रोडच्या प्लॉटवर सासऱ्यांनी एकच घर बांधलं होतं. पुढे दोघा भावांनी ते मधोमध वाटून घेतलं. मधली भिंत सामाईक. अलीकडे आम्ही, पलीकडे गोपाळराव, म्हणजे माझे भासरे, संघपालचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही दोघंही दादा म्हणतो. निदान बोलणं होतं तेव्हा म्हणायचो.

सासऱ्यांची गायन पार्टी होती आणि जोडीला माईकचा धंदा. वस्तीत चौदा एप्रिल असो की कुणाचं लग्न, भोंगे त्यांचेच लागायचे. कार्यक्रम असला की ते स्वतःच ढोलकी घेऊन बसत आणि गातही. ते गेल्यावर भोंगे आणि अँप्लिफायर मागच्या खोलीत पडून राहिले, आणि वाटणीत ती खोली दादांकडे गेली. पुढे कौसल्यावहिनी आजारी पडल्या. त्यांना जिना चढवेना. दादांनी ती खोली रिकामी करून वहिनींची बाज तिथे, सामाईक भिंतीला लावून टाकली. भोंगे भंगारवाल्याला दिले. संघपाल बँकेतून घरी येत होता, तर समोरून हातगाडीवर बापाचे भोंगे चाललेले.

तो दादांच्या गेटशी उभा राहून ओरडला, "बापाचा आवाज भंगारात विकला यानं!" सगळ्या गल्लीने ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त दादांनी. दादांचा जन्म हिंगण्याच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेला, तिथल्या दणदणाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. आपला धाकटा भाऊ काय बोलला, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कुणीतरी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांत वहिनी गेल्या. संघपाल मयतीला सगळ्यात मागे उभा राहिला आणि तसाच परत आला. तेव्हापासून दोघं गल्लीत समोरासमोर आले की एकमेकांच्या चपलांकडे बघत पुढे जातात.

तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना, अशातली गत. दादांनी कोणत्या रंगाचा शर्ट घातला, दुधाची पिशवी आत घेतली की नाही, सगळं याला ठाऊक. मी शंभरदा म्हटलं, जाऊन ये. एकच उत्तर, "त्यानं यावं. मोठा हाय ना तो?" मग रिटायर झाल्यावर हा एकदम म्हणाला की आपल्याला आता निवांत गाणी ऐकायची आहेत, चांगला मोठा हॉल पाहिजे. मला वाटलं, बरं झालं, जीव रमेल. मी वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं आणि खाली गवंडी लागले.

धरमपेठेत रजतचं दुकान आहे. दुकान म्हणजे काळ्या पडद्यांची थंडगार खोली, मधोमध एक सोफा आणि भिंतीशी माणसाच्या उंचीचे स्पीकर. रजत आमच्या मुलाच्या वयाचा, बोलण्यात साखर. त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि स्टँडवर ठेवलेली एक लहान जोडी सुरू केली. मी सहज डोळे मिटले. एक बाई माझ्यासमोर बसून गात होती. तिने मधे श्वास घेतला तोही मला ऐकू आला. मी डोळे उघडले तर समोर कुणी नाही, नुसते दोन डबे. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

"आंटीचे कान जबरदस्त आहेत," रजत म्हणाला.

"हेच घेऊ," मी म्हटलं.

संघपाल सोफ्यावर नीट बसलाही नव्हता. "याच्यानं जमीन हालते का?" त्याने विचारलं.

रजतने त्याला समजावलं की एवढ्याशा डब्यांना आमचा हॉल झेपायचा नाही. मोठ्या जागेत खालचा सूर भरायचा म्हणजे खूप हवा हलवावी लागते. तेव्हा पुढे दोन उंच टॉवर घ्या, आणि खालच्या सुरासाठी वेगळे सबवूफर. सबवूफरही दोन प्रकारचे. एक बंद डब्याचा. त्याचा ठोका आखूड, स्वच्छ, वाजला की संपला. दुसऱ्या डब्याला छेद असतो. तो आणखी खाली जातो, घुमतो आणि घरभर पसरतो. "गाण्यासाठी बंद डबा घ्या सर. छेदवाला सिनेमासाठी."

"छेदवाला दाखव," संघपाल म्हणाला.

"आपण सिनेमे कधी पाहतो?" मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. रजतने तो सुरू केला. माझ्या पोटात काहीतरी हललं आणि टेबलावरच्या पाण्यात वर्तुळं उठली. संघपाल त्या पाण्याकडे बघून हसला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं हसताना पाहिलं. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, जरा भीतीही वाटली.

पुढच्या आठवड्यात रजत सबवूफर घेऊन घरी आला, जागा ठरवायला. ही जागा ठरवायची पद्धत मी जन्मात विसरणार नाही. सबवूफर ठेवायचा सोफ्यावर, जिथे आपण बसणार तिथे. त्यावर एकच ठोका सारखा वाजवत ठेवायचा. मग आपण लहान बाळासारखं भिंतीकडेने रांगायचं, कान जमिनीजवळ ठेवून. जिथे ठोका सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल, तिथे तो डबा ठेवायचा. बँकेचे माजी मॅनेजर, इस्त्रीची पँट घालून, चष्मा सावरत हॉलभर रांगत होते. मी हसून हसून जिन्यावर बसले. शेवटी मीही पदर खोचून रांगले. रस्त्याकडच्या खिडकीखाली ठोका सुरेख होता, मलासुद्धा कळलं. जिन्याजवळही चांगला होता. सामाईक भिंतीशी मात्र तो नुसता फुगून गढूळ झाला होता.

संघपाल नेमका तिथे मांडी घालून बसला. "इथंच. दोन्ही इथंच ठेव."

रजत ओशाळल्यासारखा हसला. "सर, ये तो एकदम गलत जगह है. इथं आवाज बिघडून राहिला. अन् ही भिंत कॉमन आहे ना? गाणं भिंत ओलांडत नाही सर, ते इकडंच राहील. ठोका ओलांडतो. पलीकडे नुसतं धम्म, धम्म. शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी काहीच म्हणत नाई," संघपाल म्हणाला, "तेच तं दुखणं हाय."

रजतने निदान खाली जाड रबर घालू म्हटलं, म्हणजे दणका जमिनीतून कमी जाईल. संघपालने तेही नको म्हटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रजतला चहा दिला, गेटपर्यंत पोचवलं, आणि आत येऊन दार लावलं.

"काहून गा संघपाल, हा सगळा खटाटोप दादांना त्रास द्यायले होय?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्याले ऐकू येत नाई वं. मी गेटाशी उभा राहून बोंबललो तरी पोचत नाई. ठोका तं पोचन? वहिनी गेल्यापासून तिच्याच बाजेवर झोपते तो. बाज भिंतीले लागून हाय."

"आणि पोचल्यावर?"

"तो येईन. भांडन. दोन शिव्या देईन मले. मंग मीही काही बोलीन. मंग तू चहा करशील."

इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने आखलेली ही सगळ्यात मोठी योजना, आणि तिच्यात माझं काम चहाचं. मला हसू यायला हवं होतं. मला राग आला, आणि त्याची कीवही आली. मी म्हटलं, "दहा पावलांवर दार आहे त्यांचं." तो म्हणाला, "तुले नाई समजायचं." खरंच नव्हतं समजत.

तर अशी निवड झाली आमच्या स्पीकरची. दोन उंच टॉवर, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि दोन छेदवाले सबवूफर, काळे, कमरेएवढे, भिंतीला पाठ लावून बसलेले. रोज संध्याकाळी, दादा फिरून येऊन बाजेवर आडवे होण्याच्या वेळेला, हा ते सुरू करायचा. रजतने नमुन्याला दिलेलं काहीतरी लावायचा. मोठमोठे नगारे, आगगाडी, ढगांचा गडगडाट. खिडकीची तावदानं थरथरत, कपाटाची कडी वाजत राही. लोक स्पीकरकडे तोंड करून बसतात. हा गेटाकडे तोंड करून बसायचा.

दादा आले नाहीत. याने आवाज वाढवला. दादा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत दिसले, चपलांकडे बघत गेले. "चेहरा उतरलेला वाटला," संघपाल मला सांगायला वर आला. "लागून राहिलं वाटते त्याले." त्याच्या आवाजात आनंद होता. मी भाजी चिरत होते, ती चिरत राहिले. मला त्या आनंदाची चीड आली होती.

मग एका संध्याकाळी गेट वाजलं. संघपाल ताडकन उठला, शर्ट नीट केला, आणि दार उघडून बाहेर गेला. गेटात भागीरथाबाई उभ्या होत्या, समोरच्या घरातल्या. सकाळी दादांच्या पोळ्या त्याच करून देतात.

"काय वं उत्तरा," त्या संघपालला ओलांडून माझ्यावरच घसरल्या, "काय कारखाना टाकला का तुमी घरात? माह्या मांडणीवरच्या वाट्या नाचून राहिल्या!"

संघपालचा चेहरा असा पडला की बाईंना वाटलं आपण जास्तच बोललो. त्या जरा मऊ झाल्या. "अन् तिकडं गोपाळभाऊले बरं नाई. छातीत धडधडते म्हणते. काल एकलेच ऑटोत बसून डॉक्टरकडे गेले. त्यांच्या पोरीले, दीप्तीले फोन केला म्या, येऊन राहिली पुण्याहून."

"छातीत?" संघपाल म्हणाला.

"बाजेवर पडलं की धडधड, उठलं की बंद म्हणते. काय तरी हार्टचंच असन."

आम्ही तिघं तिथे उभे होतो. आत ते दोन डबे धम्म धम्म करत होते. आणि तिघांपैकी एकालाही अक्कल आली नाही. मी जन्मभर शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. कंपन म्हणजे काय, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले.

संघपालने आत जाऊन सगळं बंद केलं. हॉल एकदम मोठा वाटायला लागला. तो सोफ्यावर बसून राहिला, जेवलाही नाही. मी म्हटलं, आता तरी जा. तो उठला, दादांच्या गेटापर्यंत गेला आणि परत आला. "दीप्तीची सँडल दिसली दारात. पोरगी आली हाय. तिच्यासमोर कायले." दीप्ती दोन दिवस राहून गेली. याने रोज एक नवीन कारण काढलं. त्याला भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. आपण गेलो आणि दादांनी तोंड फिरवलं तर, ही भीती. म्हणून तर त्याला दादांनी यायला हवं होतं.

त्यानंतर त्याने माळ्यावरून सासऱ्यांच्या कार्यक्रमाची कॅसेट काढली. कुठूनतरी ती कॉम्प्युटरवर उतरवून आणली. जुनं रेकॉर्डिंग, भोंग्यातून निघणाऱ्या आवाजासारखं, नुसतं वरवरचं. ढोलकी टिपरीसारखी कडकड वाजायची. याने रजतला फोन करकरून विचारलं, ढोलकीची जाड बाजू वर कशी आणायची. रजत म्हणाला, टॉवर कमी करा, सबवूफर वाढवा, आणि अमुक बटण इकडे, तमुक तिकडे. दोन संध्याकाळी खटपट केल्यावर एकदम ती बाजू भरली. सासरे आमच्या हॉलमध्ये बसून ढोलकी वाजवायला लागले. माझ्या लग्नात त्यांनी हाच ठेका धरला होता, थांबत थांबत येणारा, शेवटी एक ठोका जादा. तसा दुसरं कुणी वाजवत नसे.

"आता हे भांडायले नाई वं," संघपाल मला म्हणाला. "त्याले बरं नाई. बाबाची ढोलकी तं लागन त्याले, बाजेवर पडल्या पडल्या. एकला हाय तो. कोणी तरी हाय बाजूले, एवढं तरी समजन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, लाव. भागीरथाबाईंच्या वाट्या नाचणार नाहीत इतक्या बेताने त्याने ते लावलं. रोज लावायचा. आता तो गेटाकडे बघत नसे. दोन डब्यांच्या मधे खाली बसून तळहात भिंतीला लावायचा आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसायचा. मला वाटलं, चला, एवढं तरी चांगलं निघालं या सगळ्यातून.

दादा रविवारी सकाळी आले. आम्ही चहा घेत होतो. गेट इतकं हळू वाजलं की पेपरवाला असेल असं वाटलं. दादांनी पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, विहारात कार्यक्रमाला जावं तसा. बारीक झाले होते. दाराबाहेर चपला काढल्या, जोडी नीट लावली, आणि आत आले. संघपाल उभा राहिला. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"बस गा," दादा म्हणाले. "मले बोलू दे आधी. मले तं काही ऐकू येत नाई, तवा तू मधात बोलून उपयोग नाई."

कानाचं मशीन त्यांच्या खिशातून डोकावत होतं. त्यांनी ते कधीच लावलं नाही. म्हणायचे, नुसता कचरा ऐकू येतो. ते सोफ्यावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

"माहं आता काही खरं नाई, संघ्या. रोज संध्याकाळी पडलं की छातीत ठोके पडते. घणासारखे. पाठीतून घुसते अन् छातीत वाजते. दोन डॉक्टर झाले, पट्ट्यावर चालवलं, सगळ्या मशिनी लावल्या. काही सापडत नाई. डॉक्टरले सापडत नाई म्हंजे मोठंच काही असन ना? दीप्तीले म्या चाव्या कुठं हायेत ते दाखवून देल्लं. रडली पोरगी."

संघपालने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आम्हाला दोघांना एकाच वेळी कळलं, आणि एकमेकांना कळलंय हेही कळलं.

"ते तं सोड," दादा म्हणाले. "माणूस जातेच. पण मधात थोडे दिवस ठोके थांबले, अन् आता आठ दिवसांपासून बदलून आले. हळू झाले. मंग माह्या ध्यानात आलं, हा तं बाबाचा ठेका होय. तोच. शेवटी एक जादा मारते ना बाबा, तो बी. आपण असलं काही मानत नाई. मेलेला माणूस बोलावत नसते, म्याच दीप्तीले शिकवलं लहानपणी. पण माह्या छातीत वाजून राहिलं गा. बाबा बोलावून राहिला मले."

त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता.

"म्हून आलो. ते भोंगे म्या विकायले नव्हते पाहिजे. तुले विचारून विकायचे होते. कौसल्येची बाज टाकायची होती, दुसरी जागा नव्हती, पण विचारायले काय जात होतं? तू बोलला ते खरं बोलला. आता बाबाकडे जाऊन मी काय सांगू? तुह्याशी बोलल्याशिवाय कसा जाऊ?" आणि त्यांनी आपल्या धाकट्या भावापुढे हात जोडले.

मी आजवर संघपालवर पुष्कळदा चिडले आहे, पण त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याला जे हवं होतं ते घरात चालत आलं होतं. दादा आले होते, बोलत होते, माफी मागत होते. गप्प राहिला असता तर सगळं साधलं असतं. चार दिवसांनी ठोके बंद झाले असते, दादा बरे झाले असते, आणि हा जन्मभर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला असता. हा विचार त्याच्या मनात आलेला मी पाहिला. तो माझ्याही मनात आला.

"दादा, ते मी होतो," संघपाल म्हणाला. "मीच वाजवत होतो. मुद्दाम."

पण ते तो इतकं हळू बोलला की मलाच जेमतेम ऐकू आलं. दादांनी मान हलवली. "हो, हो," म्हणाले. त्यांना वाटलं, हा माफ केलं म्हणतोय.

"मोठ्यानं सांग," मी म्हटलं.

त्याने तोंड उघडलं, आणि त्याला ते ओरडता येईना. एकदा याच गल्लीत गेटाशी उभा राहून तो ओरडला होता, तेव्हा आवाज बरा निघाला होता. शेवटी त्याने दादांचे जोडलेले हात सोडवले, त्यातला एक धरला, त्यांना उठवून भिंतीशी नेलं, आणि त्यांचा तळहात सबवूफरवर ठेवला. मग सासऱ्यांची कॅसेट लावली.

दादांचा हात डब्यावर होता. ठेका सुरू झाला. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी ते दचकले आणि दुसरा हात छातीवर नेला. मग त्यांनी डब्यावरचा हात उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. भिंतीकडे पाहिलं, भिंतीपलीकडे आपली बाज कुठे आहे ते मनात मोजल्यासारखं. आता हायसं वाटेल त्यांना, मी मनात म्हटलं, आता चिडतील, आता देतील शिव्या.

"म्हंजे बाबा नव्हता?" दादा म्हणाले.

संघपालला एकदम आवाज फुटला. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "बाबाच होय दादा! कॅसेट हाय बाबाची! बाबाच वाजवून राहिला!"

"अन् आधीचे ते घण?"

संघपालने मान खाली घातली. तेवढ्यावरून दादांना समजलं. ते तसेच उभे राहिले, हात डब्यावर, शेवटचा जादा ठोका येईपर्यंत. मग हात काढला आणि पँटला पुसला.

"रोज मरून राहिलो होतो मी, संघ्या," ते म्हणाले. रागाने नाही. पावसात भिजलो होतो म्हणावं, तसं म्हणाले. शिवी एकही दिली नाही. संघपाल तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. दादांनी त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवण्यासाठी वाकल्यासारखे झाले, पण ठेवला नाही. मी चहा टाकते म्हटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. चपला घालताना त्यांचा तोल गेला, मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. मान वर न करता म्हणाले, "त्याले सांग, बाबाची ढोलकी लावायची असन तं लावत जा म्हणा. फक्त लावायच्या आधी भिंतीवर ठोकत जा. नाईतं मले वाटते, माहीच छाती वाजून राहिली."

त्या दुपारी संघपालने एकट्याने दोन्ही डबे ओढत ओढत रस्त्याकडच्या खिडकीखाली नेले, रांगताना मला सापडली होती त्या जागी. फरशीवर ओरखडे उमटले. मी मदतीला गेले नाही. संध्याकाळ झाली, दादांची बाजेवर पडायची वेळ झाली. मी जिन्यावरून पाहिलं तर हा रिकाम्या भिंतीसमोर उभा होता. मूठ वळलेली, हात वर, ठोकण्याच्या बेताने. ठोकत मात्र नव्हता. मी खाली येऊन त्याच्या मागे उभी राहिले तरी त्याला कळलं नाही.

"संघपाल," मी म्हटलं, "दार पण आहे गा त्या घराला."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. हात खाली घेतला. मग बाहेर गेला आणि पायरीवर बसून चपला घालायला लागला. त्याला फार वेळ लागला. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.